पाट आणि ओटा

आमच्या स्वयंपाकघरातली जुनी मांडणी भिंतीवरून उतरवली तेव्हा तिच्या पाठीवर अक्षरं निघाली. तेलकट काजळीच्या थराखाली काळ्या रंगात छापलेली चार ठळक अक्षरं, तीही उलटी. मिस्त्रींनी मान वाकडी करून वाचायचा प्रयत्न केला. "बी, ई, पी, एक्स. कंपनी का नाम है क्या, दीदी?" मलाही ठाऊक नव्हतं. दारात उभी असलेली आई म्हणाली, "ते बी-ई-पी नाही. 'वेर्ख' आहे. रशियन. तुझे बाबा सांगायचे."

वेर्ख म्हणजे वर. खोक्याची वरची बाजू. यंत्रं सोव्हिएत युनियनमधून लाकडी खोक्यांत बंद होऊन यायची, आणि कुठली बाजू वर ठेवायची ते खोक्यावर लिहिलेलं असायचं. त्यातल्याच एका खोक्याच्या पाइनच्या फळ्या बाबांनी कुठूनशा मिळवल्या आणि एकसष्ट साली, नवीन लग्न झालेल्या आईसाठी सेक्टरमधल्या क्वार्टरमध्ये ही मांडणी ठोकून घेतली. ठोकणाऱ्याला रशियन येत नव्हतं. त्यामुळे 'वर' हा शब्द साठ वर्षं खाली डोकं वर पाय करून भिंतीला लागून राहिला. क्वार्टर सुटलं, १९८४ मध्ये बाबांनी इथे नेहरू नगरात घर बांधलं, मांडणी सोबत आली आणि पुन्हा तशीच उलटी लागली.

स्वयंपाकघर नव्याने करायला घेतलं ते हौस म्हणून नाही. फेब्रुवारीत आई पाटावरून पडली. तिची उंची चार फूट आठ इंच. ओटा तेहतीस इंचांचा. पोळ्या लाटताना, भाजी चिरताना ती ओट्याशी एक पाट ठेवून त्यावर उभी राहते, क्वार्टरमध्येही राहायची. मी जन्मल्यापासून तिला तशीच पाहिली आहे, त्यामुळे त्यात काही विचित्र आहे असं कधी मनात आलं नाही. त्या दिवशी पाट सरकला. उजवं मनगट मोडलं. ब्याऐंशीव्या वर्षी हाड जुळायला वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळात मी स्वयंपाकघरात उभी राहून पहिल्यांदाच त्या खोलीकडे नीट पाहिलं.

मी तीस वर्षं कॉलेजात इतिहास शिकवला. तह, लढाया, महसूल, पंचवार्षिक योजना. स्वयंपाकघरावर एकही तास घेतला नाही. पुढचे आठ महिने, मनगट मोडल्यापासून दिवाळीपर्यंत, तो राहिलेला तास मी स्वतःच बसून ऐकला असं म्हणायला हरकत नाही.

* * *

भिलाईत मराठी घर कसं, असं पुण्या-मुंबईचे लोक विचारतात. त्यांना सांगावं लागतं की नागपूर इथून फार लांब नाही, आणि एकेकाळी तर ते राजधानीचं गाव होतं. १७५८ पासून बिंबाजी भोसले रतनपुरात राहून छत्तीसगढचा कारभार पाहत होते. १८५४ मध्ये भोसल्यांचं राज्य इंग्रजांनी खालसा केलं, तरी नागपूरशी असलेला धागा तुटला नाही. पुढे मध्य प्रांताची राजधानी नागपूरच राहिली. भिलाईच्या कारखान्यासाठी भारत आणि सोव्हिएत युनियन यांच्यात करार झाला २ फेब्रुवारी १९५५ रोजी. त्या दिवशी भिलाई ज्या मध्य प्रदेशात होती त्याची राजधानीही नागपूर होती. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूर मुंबई राज्यात गेलं, दुर्ग जिल्हा नव्या मध्य प्रदेशात राहिला. म्हणजे कारखान्याचं ठरलं तेव्हा आम्ही एका राज्यातले होतो आणि तो उभा राहत असताना दोन राज्यांतले झालो. भंडारा जिल्ह्यातून बाबा नोकरीला आले ते घर सोडून परमुलखात आले असं त्यांना वाटलंच नव्हतं. पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते सुरू झाली, त्यावेळी ते शिकाऊ कामगार होते. रशियन तज्ज्ञांबरोबर काम करताना कामापुरते शब्द कानावर पडले, त्यातला एक 'वेर्ख'.

आई आली ती भंडाऱ्याकडच्या एका मोठ्या, जमिनीवरच्या स्वयंपाकघरातून. जमिनीवरच्या म्हणजे शब्दशः. चूल आणि तिच्या शेजारचा वैल जमिनीत लिंपलेले, पाटा-वरवंटा जमिनीवर, विळी जमिनीवर, आणि बाई पाटावर. बसल्या जागेवरून हात पोचेल तेवढ्या परिघात सगळं. वस्तू ठेवण्याची सोय भिंतीत किंवा छतात: दिव्याला कोनाडा, डाळी-पापडांना फडताळ, लोण्याला शिंकं, धान्याला उतरंड. सुटं उभं लाकडी सामान एकच, दुभत्याचं कपाट. त्याच्या दारांना बारीक जाळी, हवा खेळावी पण मांजर आणि माशी आत जाऊ नये म्हणून. चारही पाय पाण्याच्या वाट्यांत, मुंग्या चढू नयेत म्हणून. बर्फाशिवाय आणि विजेशिवाय दूध राखण्याची इतकी विचारपूर्वक केलेली दुसरी वस्तू मी तरी पाहिलेली नाही.

'कपाट' या शब्दाचीही गंमत आहे. संस्कृतात कपाट म्हणजे दाराचं पान. आपण त्या वस्तूला तिच्या दारावरून ओळखलं. इंग्रजी 'कबर्ड' म्हणजे मुळात पेले मांडायची फळी. त्यांनी ती फळीवरून ओळखली. आमचे मिस्त्री म्हणतात 'अलमारी'. तो शब्द पोर्तुगिजांच्या 'आर्मारियो'तून आला आणि त्याच्या मुळाशी लॅटिनमधली हत्यारं-अवजारं ठेवायची जागा आहे. दार, फळी आणि हत्यार. स्वयंपाकघरातल्या कुठल्याही कपाटाजवळ पाच मिनिटं उभं राहिलं की तिन्ही अर्थ पटतात.

क्वार्टरमध्ये आल्यावर आई जमिनीवरून उठली. सिमेंटचा ओटा, वर कडप्पा. त्यावर आधी कोळशाची शेगडी, मग वातीचा स्टोव्ह, मग गॅस. स्वयंपाकाचा गॅस आपल्याकडे १९५५ मध्ये मुंबईत 'बर्शेन' नावाने विकायला आला आणि 'इंडेन'चं पहिलं सिलिंडर १९६५ मध्ये कोलकात्यात पोचलं. आमच्या घरी तो यायला आणखी बरीच वर्षं गेली. ज्या काळात ओटे वर जात होते, त्याच काळात काही माणसं चुलीपाशी बसलेल्या बाईचाही विचार करत होती. वर्ध्याच्या मगनवाडीत मगन चूल तयार झाली, हैदराबादेत एस. पी. राजूंनी बिनधुराच्या चुलीवर काम करून १९५३ मध्ये त्याची पुस्तिका काढली. त्यांनी धूर बाहेर काढण्याचा प्रश्न हाती घेतला. बाई किती उंच आहे हा प्रश्न मात्र ओटा बांधणाऱ्या गवंड्याने विचारला नाही, आणि आईने सांगितला नाही. तिने बसायचा पाट घेतला आणि त्यावर उभी राहिली.

* * *

उभ्याने स्वयंपाक करायच्या, मापात बसवलेल्या, लाकडी कपाटांच्या स्वयंपाकघराचा जन्म साधारण कुठे झाला ते सांगता येतं: जर्मनीतल्या फ्रँकफर्ट शहरात, १९२६ मध्ये. महायुद्धानंतर घरांची टंचाई होती. एर्न्स्ट माय हे वास्तुविशारद नगरपालिकेसाठी कामगारवस्त्या बांधत होते आणि त्यांच्या हाताखाली मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की ही व्हिएन्नाची तरुण वास्तुविशारद होती. तिने सुमारे दोन मीटर रुंद आणि साडेतीन मीटरहून थोडं कमी लांब असं एक स्वयंपाकघर आखलं. हातात घड्याळ धरून बाईची पावलं मोजली, ती कमी केली. पीठ, साखर, तांदूळ यांना ॲल्युमिनियमचे कप्पे दिले. पिठाचे मोठे खण ओक लाकडाचे, कारण ओकमधल्या टॅनिनमुळे पिठात किडे होत नाहीत. कामाची फळी बीच लाकडाची, कारण ती झिजत नाही. कपाटांचा रंग निळसर हिरवा, कारण माश्या त्या रंगावर बसत नाहीत असा तेव्हाचा समज होता. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरं फ्रँकफर्टमध्ये बसली. आज ज्याला आपण 'मॉड्युलर' म्हणतो त्याची ही आजी. आणि त्या आजीची निर्माती पुढे मोकळेपणाने सांगायची की हे आखण्याआधी तिने स्वतः कधी स्वयंपाक केला नव्हता.

मला चकित केलं ते तिच्या पुढच्या प्रवासाने. १९३० मध्ये माय आपले सहकारी घेऊन सोव्हिएत युनियनला गेले, त्यांत ती होती. पहिलं मोठं काम होतं उरल पर्वताकाठच्या माग्निटोगोर्स्कचं. म्हणजे एका नव्या पोलादनगरीचं. मोकळ्या माळावर कारखाना, आणि कारखान्यासाठी माणसं, आणि माणसांसाठी घरं. आमच्या भिलाईचीच गोष्ट, पंचवीस वर्षं आधीची. ती २००० सालच्या जानेवारीत गेली, एकशे तिसऱ्या वाढदिवसाला पाच दिवस बाकी असताना.

भट्टी पेटली त्याच १९५९ मध्ये, २४ जुलैला, मॉस्कोत अमेरिकन प्रदर्शनातल्या एका पिवळ्या स्वयंपाकघरासमोर उभं राहून ख्रुश्चेव्ह आणि निक्सन भांडले. धुलाईयंत्र असलेलं घर श्रेष्ठ की सर्वांना घर मिळणं श्रेष्ठ, असा एकूण रोख. ख्रुश्चेव्ह तेव्हा आपल्या देशात लाखो छोटी घरं बांधत होते, त्यांतली स्वयंपाकघरं पाच-सहा चौरस मीटरची. जगातले दोन सर्वांत शक्तिमान देश ओट्याशेजारी उभे राहून वाद घालत होते. माझी आई त्यावेळी सतरा वर्षांची होती आणि भंडाऱ्याकडे जमिनीवर बसून भाकरी थापत होती.

* * *

पुण्याहून दादाचा फोन आला. त्याचं म्हणणं सरळ होतं. "तयार मॉड्युलर बसव. चौतीस इंच ओटा, खाली स्टीलच्या ट्रॉल्या. आठ दिवसांत काम होतं. उद्या घर विकायची वेळ आली तर बुटका ओटा पाहून कोण घेईल?" शेजारच्या काकूही म्हणाल्या, पोलादाच्या गावात राहून लाकडाचा हट्ट कशाला? मी त्यांना सांगितलं की भिलाईत रूळ होतात, प्लेटा होतात, वायर रॉड होतात, पण ट्रॉलीचं स्टेनलेस होत नाही. ते दुसरीकडून येतं. त्यांना ते पटलं असावं, कारण त्यांनी विषय बदलला.

आईचं म्हणणं आणखी सरळ होतं. "माझ्या मापाचं काहीही करू नको. मी किती दिवसांची? तुझ्या मापाचं कर."

मिस्त्रींनी यांपैकी कुणाचंच ऐकलं नाही. ते दुर्गजवळच्या गावातले, वय माझ्याहून थोडं कमी. त्यांनी आईला भिंतीजवळ बोलावलं. "दाई, इहाँ ठाढ़ हो तो." आई उभी राहिली. त्यांनी तिचा हात कोपरात वाकवायला सांगून जमिनीपासून कोपरापर्यंत फूटपट्टी लावली: पस्तीस इंच. त्यातून पाच वजा केले. चिरण्या-लाटण्याचा ओटा कोपरापासून सुमारे पाच इंच खाली असला की खांदे उचलावे लागत नाहीत, हे त्यांना कुठल्या पुस्तकाने शिकवलं नव्हतं. त्यांचं स्वतःचं रंध्याचं टेबल तसंच होतं. तीस इंच. मग मी जुना ओटा मोजला: तेहतीस. पाट मोजला: तीन. आई साठ वर्षं तीस इंचांवरच काम करत होती. तिचं माप तिला पहिल्यापासून माहीत होतं. फक्त ओट्याला माहीत नव्हतं.

शेगडीवर कुकर ठेवला की त्याचं तोंड छातीशी येतं, म्हणून शेगडीखालचा भाग आणखी तीन इंच खाली घेतला. बेसिनचा तळ खोल असतो, वाकावं लागतं, म्हणून तो भाग तीन इंच वर. फोटो पाहून दादा म्हणाला, "हा ओटा आहे की जिना?" पण एका ओट्याला तीन उंच्या दिल्यावर तयार कपाटं बसणं शक्यच नव्हतं. प्रत्येक दार वेगळ्या मापाचं. म्हणून लाकूड.

लाकडाचाही आपला इतिहास असतो, आणि तो बहुतेक वेळा जंगल आणि सरकार यांच्यामधला असतो. नागपूरहून छत्तीसगढकडे रेल्वे आली १८८० च्या दशकात, आणि रुळांखाली इथला साल गेला. साग मुख्यत्वे आलापल्ली-बल्लारपूरकडचा. तिथला साग आजही इतका नावाजलेला आहे की २०२३ मध्ये अयोध्येच्या मंदिरासाठी बल्लारपूरच्या डेपोतून गेला. पूर्वी सुतारकामात सगळं सलग लाकूडच असायचं. १२ डिसेंबर १९९६ ला गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने देशभरातल्या जंगलतोडीवर कडक बंधनं घातली, ईशान्येकडून येणारं लाकूड थांबलं, आणि प्लायवूडवाल्यांना शेतकऱ्यांच्या बांधावरच्या निलगिरीकडे आणि पॉपलरकडे वळावं लागलं. एका निकालाने देशातल्या कपाटांचा गाभा बदलला, पण कपाट उघडणाऱ्याला ते दिसत नाही. आम्हीही तेच केलं: खोकी प्लायवूडची, उकळत्या पाण्यात बहात्तर तास टिकायची कसोटी असलेल्या प्रतीची, आणि फक्त दारं सागाची.

दार म्हणजे चौकट आणि मध्ये फळी. ती फळी चौकटीच्या खाचेत सैल बसवतात, तिला फेविकॉल लावत नाहीत. लाकूड लांबीत फारसं हलत नाही, पण रुंदीत हलतं: आमच्याकडच्या पंचेचाळीस अंशांच्या मे महिन्यात आकसतं आणि जुलैत फुगतं. फळी चिकटवून टाकली तर ती हलायला जागा शोधते आणि तडकते. फेविकॉलही योगायोगाने १९५९ चाच. त्याआधी सुतार सरस वापरायचे, जनावरांच्या हाडा-कातड्यांचा, कढवलेला. आमच्या मिस्त्रींच्या आजोबांच्या अंगाला त्याचा वास यायचा म्हणे. बिनवासाचा, न कढवता वापरायचा पांढरा गोंद आला आणि एका पिढीत तो वास देशातून गेला.

* * *

आता माझ्या चुकीकडे येते. दारं जूनअखेर तयार झाली. मिस्त्री म्हणाले, पॉलिश पावसानंतर करू. मला घाई होती. आईचं मनगट सुटलं होतं, ती गॅलरीत मांडलेल्या शेगडीवर, पुन्हा त्याच पाटावर उभी राहून, चहा करत होती. मी आग्रह धरला. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात एका कोरड्या वाटणाऱ्या दुपारी आम्ही नऊ दारांना मेलामाइनचा वरचा हात दिला. संध्याकाळी सर आली. सकाळी नऊही दारांवर दुधाची साय धरल्यासारखा पांढुरका पडदा होता. थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो आणि दमट हवेतली वाफ ओल्या थरात अडकते. कारण समजल्याने काही सुधारत नाही. सगळं घासून काढावं लागलं.

मिस्त्री मला बोलले नाहीत. त्यांनी फक्त घासण्याचा कागद माझ्या हातात दिला. गणपती आणि विश्वकर्मा पूजा दोन्ही होईपर्यंत मी तेच केलं. आधी १८०, मग २४०, मग ३२० नंबरचा कागद, नेहमी लाकडाच्या रेषेच्या दिशेने. आडवा एक हात जरी गेला तरी तो ओरखडा पॉलिश लावल्यावरच दिसतो, त्याआधी नाही. मधेच ओलं फडकं फिरवून तंतू उठवायचे, वाळले की पुन्हा घासायचे. डोळ्यांपेक्षा बोटांना आधी कळतं. नऊ दारं, दोन्ही बाजू. आतली बाजू कोण बघतं म्हणून सोडून द्यायची नसते. एका बाजूने थर आणि दुसऱ्या बाजूने उघडं लाकूड असलं की दमट हवा एकाच बाजूने आत शिरते आणि दार वाकतं. १७ सप्टेंबरला विश्वकर्मा पूजेच्या दिवशी मिस्त्रींनी रंधा, पटाशी, करवत, गुण्या सगळं धुऊन, कुंकू लावून मांडलं आणि मलाही कागदाला हात लावू दिला नाही. "आज औजार मन के छुट्टी हे." त्यांची पूजा सप्टेंबरात, आणि आमच्याकडे महाराष्ट्रात विश्वकर्मा जयंती माघात; देव तोच.

गुण्या हा शब्द आम्हा दोघांचा एक. तो फारसीतून आला आणि फारसीत ग्रीकमधून. मुळात त्याचा अर्थ कोन. ओळंब्याला मात्र ते साहुल म्हणतात. रंध्याला रंदा. पंधरा दिवसांत माझ्या तोंडी साहुल बसलं आणि त्यांच्या तोंडी ओटा.

पॉलिशबद्दल आमचा एकच वाद झाला. मला चपडा हवा होता, म्हणजे लाखेचं स्पिरिटमधलं जुनं पॉलिश, कारण लाख इथली. पळस, बोर आणि कुसुमाच्या फांद्यांवर राहणारा एक सूक्ष्म किडा ती तयार करतो. किलोभर लाखेमागे सुमारे तीन लाख किडे, असा हिशेब सांगतात. पळस-बोरावरची ती रंगीनी, कुसुमावरची ती कुसुमी. पिकांची नावं बैसाखी, कतकी, जेठवी, अगहनी, जणू धानाचीच. धमतरी आणि आमच्या गोंदियाकडे तिचे कारखाने. प्लॅस्टिकच्या तबकड्या येईपर्यंत जगभरच्या ग्रामोफोनच्या तबकड्यांत हीच लाख होती. म्हणजे बालगंधर्वांचा आवाज लोकांनी ऐकला तो पळसावरच्या किड्याच्या कृपेने. मिस्त्रींनी हे सगळं शांतपणे ऐकलं. मग एका जुन्या चपडा लावलेल्या तुकड्यावर चहाचा गरम कप ठेवला आणि पाच मिनिटांनी उचलला. पांढरं कडं उमटलं होतं. लाखेला उष्णता सोसत नाही आणि पाणीही. शेवटी वाटणी झाली: बाहेरून मेलामाइन, पण आतल्या फळ्यांना चपडा, कारण तो वाळला की त्याला वास राहत नाही आणि डाळ-तांदळाला त्याचा त्रास नाही. औषधाच्या गोळ्यांवरही त्याचाच थर देतात.

ऑक्टोबरात ऊन पडलं. जी. ई. रोडवरून येणारी धूळ ओल्या पॉलिशवर बसू नये म्हणून समोरच्या खोलीच्या दारा-खिडक्यांना ओल्या चादरी लावल्या, फरशीवर पाणी शिंपडलं आणि फडक्याची पुरचुंडी करून पातळ थर दिले. यावेळी मी घाई केली नाही. एक थर वाळायला सोडून मी चक्क झोपले.

* * *

बसवणं हे वेगळंच काम. लाकूड काटकोनात असतं, घर नसतं. पारदर्शक नळीत पाणी भरून मिस्त्रींनी खोलीच्या चारही कोपऱ्यांत एकच पातळी खुणेने घेतली आणि कळलं की फरशी एका टोकाला पाऊण इंच खचलेली आहे. भिंत तर ओळंब्यालाच फटकून. "दीदी, भिथिया ह टेड़गा हे," ते हसले. चाळीस वर्षांपूर्वी बाबा रोज संध्याकाळी ड्युटीवरून येऊन ही भिंत पाहत असत, गवंड्याला चहा देत असत. आपली भिंत वाकडी आहे हे त्यांना कधी कळलं नाही, किंवा कळलं असेल तर त्यांनी आम्हाला सांगितलं नाही. भिंत सरळ करत नाहीत. पाणसळ लावून कपाट सरळ बसवतात आणि मधली पाचरीसारखी फट लाकडाच्या पट्टीने झाकतात. पट्टीची एक कड भिंतीच्या वाकडेपणाला जुळवून रंधलेली असते.

भिंतीवरची कपाटं जमिनीपासून अठ्ठेचाळीस इंचांवर बसली, आईचा हात दुसऱ्या फळीपर्यंत सहज पोचेल अशी. तिसरी फळी माझी. दोन दारांमध्ये मिस्त्रींनी जुन्या नाण्याच्या जाडीएवढी फट ठेवली, पुढच्या जुलैसाठी. जुन्या मांडणीच्या पाइनच्या फळ्या फेकायला निघालेल्या होत्या, पण रंधा मारल्यावर आतून पिवळ्या-गुलाबी निघाल्या, वाळवीने कधी तोंड लावलं नव्हतं. त्यांतल्या तीन मसाल्याच्या कपाटाच्या पाठीला लागल्या. अक्षरांच्या फळीला रंधा मारायचा नाही असं आईनेच सांगितलं, आणि ती फळी लावताना ती स्वतः स्टूल घेऊन समोर बसली. "वरची बाजू वर," ती दोनदा म्हणाली. हळदीचा डबा काढला की आता 'वेर्ख' सुलट दिसतं.

दिवाळीला आईने तीस इंचांवर चकलीचं पीठ मळलं. जमिनीवर पाय टेकवून. तिने काही म्हटलं नाही, मीही विचारलं नाही. नरकचतुर्दशीच्या पहाटे शेगडीपाशी गेले तर ती आधीच उभी होती आणि कढईत वाकून पाहत होती. कढईत वाकून पाहताना मी तिला त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. आधी ती मान वर करून आवाजावरून अंदाज घ्यायची.

माझी उंची पाच फूट चार इंच. आठवड्याभरात माझी कंबर धरली. तीस इंचांवर भाजी चिरायला मला वाकावं लागतं. दादाला सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, मी म्हटलं होतं. म्हणून मी मिस्त्रींना सांगितलं. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि कोपऱ्यातला पाट उचलून ओट्यावर ठेवला. तीन इंच. बरोबर माझ्या हाताशी.

आई केवढ्याने ओरडली. "पाय ठेवलेला पाट ओट्यावर? काय करून राहिले तुम्ही लोक!"

मिस्त्रींनी पाट अंगणात नेला. दोन्ही बाजूंनी रंधा मारला. मधोमध, जिथे तिच्या टाचा टेकायच्या, तिथे दोन उथळ खळगे होते. ते जाईपर्यंत बराच भुसा पडला. मग चारही बाजू घासून, तेलाचा हात देऊन पाट परत आणला. आईने तो उलटासुलटा करून पाहिला, वास घेतला, आणि स्वतःच्या हाताने ओट्यावर ठेवला. मी त्यावर विळी नको, सुरीच घेते. ती शेजारी उभी राहून मेथी निवडते आणि मध्येच सांगते की मी फार जाड चिरते आहे.